नववं प्रकरण

पुस्तक जुनं, शंभरेक वर्षांचं,
कुठल्याशा थंड देशातून दोन भाषा ओलांडून
सत्तरीत, कोपार्ड्याला आलेलं.
चौथीत सात मुलं, तिसरीत चार,
वर्ग एकच. तिसरीवाले वजाबाकी करता करता
एक कान इकडे ठेवतात.

पहिल्याच पानावर बर्फ पडला.
"पडता म्हणजे? वयल्यान?" शैवी गावसने विचारलं.
मी खडूचा चुरा उडवून दाखवला,
कुणालाच पटला नाही.
मग मासळीवाल्या फ्लोरीनकडून
डबाभर बर्फ मागून आणला,
हातोहात फिरवला, बाकांवर ओघळू दिला.
चाचणीत सातांपैकी पाच जणांनी लिहिलं:
त्या देशात आकाशातून बर्फ पडतो
व त्याला बांगड्याचा वास येतो.
मी पूर्ण गुण दिले.

बोलणारा कोल्हा त्यांनी बिनतक्रार मानला.
ढोलीतलं पोस्ट ऑफिस मानलं,
चंद्राला शिडी लावणारी म्हातारी तर
निपुण परबच्या वाड्यावरच राहते म्हणे.
अडले ते राज्यकारभारावर.
एवढा मोठा मुलूख, आणि पंचायत नाही?
राणीच्या कुळागराला पाणी कुठलं?
बोंडं वेचायला कोण जातं?
मी म्हटलं, तिथे काजू होत नाही.
वर्ग जरा वेळ हळहळला.

आणि पुलावरचा राक्षस.
कंदील घेऊन रात्रभर
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारा.
लेखकाने त्याला नाव दिलेलं नाही.
नवव्या प्रकरणात तो मरतो, दीड ओळीत,
आणि राजपुत्र पूल ओलांडून पुढे जातो.
मीही पुढे जाणार होते.
पान उलटलंसुद्धा होतं.

तेव्हा रुद्रेश वरक उभा राहिला,
जो वाचताना अक्षरावर बोट ठेवतो
आणि बोट तिथेच राहतं.
"ताच्यो व्हाणो झिजल्यो आसतल्यो, बाई."

मी फोंड्याहून बसने येणारी.
कळायला मला वेळ लागला,
ठाऊक असूनही.
मग सगळेच बोलू लागले, तिसरीवालेही:
आमचा राखणदार रात्री शीव फिरतो,
चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात,
दर वर्षी नव्या ठेवतात झाडाखाली,
रोट देतात, विडी देतात.
याला कुणी काय दिलं?
आठ प्रकरणं चालला तो.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पुस्तकातही शोधलं, रात्री, घरी,
शेवटपर्यंत. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर वहाणा.
सायकलच्या जुन्या टायरच्या, काथ्याने शिवलेल्या,
हातभर लांब,
दोन्ही डाव्या पायाच्या.
पुस्तकावर ठेवल्या नव्हत्या, शेजारी ठेवल्या होत्या,
पुस्तकाला पाय लागता नये म्हणून.
सोबत एक विडी.
ती मी जप्त केली, आणि कुणाची ते विचारलं नाही.

गुरुवारी भागशिक्षणाधिकारी आले.
पट मोजला: अकरा. पुन्हा मोजला.
पुढच्या वर्षी शाळा राहील की नाही
हे त्या आकड्यावर आहे, माझ्यावर नाही.
खिडकीतल्या वहाणांकडे बघून म्हणाले,
"हस्तकला?"
मी हो म्हटलं.
रुद्रेशने माझ्याकडे असं पाहिलं
की बर्फ हातात धरावा तसं झालं.

ते गेल्यावर मी तक्ता भरायला घेतला.
घटक: कादंबरी, प्रकरण नऊ.
अध्ययन निष्पत्ती, त्यापुढे चार बोटं जागा.
हो म्हटलेलं तिथे तरी परत घ्यावं म्हणून
शाईच्या पेनने लिहिलं:
मुलं पुस्तकाशी सहमत नाहीत.
त्यांचं बरोबर आहे.